मागच्या चाकावरचं साल

तुळशीला पाणी घालून छबूबाई बंगल्याच्या मागच्या अंगाला वळल्या आणि हातातला तांब्या तिरपा झाला तो तसाच राहिला. सायकल जागेवर नव्हती. गोठा पाडून बांधलेल्या शेडमध्ये त्यांच्या लेकाची, रणजीतची मोठी गाडी होती, नात स्वरूपाची छोटी गाडी होती, दार निखळलेला जुना फ्रीज होता, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे भिंतीवर हँडलची मूठ टेकून टेकून पडलेला काळा डाग होता. डाग तेवढा होता. दात पडल्यावर जीभ सारखी तिथंच जावी तशी त्यांची नजर डागावर गेली, परत आली, परत गेली. पायावर पाणी सांडतंय हे कळायला वेळ लागला. मग आली ती भीतीच असावी, पण जुनी, ओळखीची. लहानपणी तळवड्याच्या घरी तिन्हीसांजेला दाराशी उभं राहून खडकीच्या रस्त्याकडं कान लावताना वाटायची तसली. तेव्हा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून दिसायचा. टिक टिक टिक टिक. तिथल्या कॅम्पात दूध घालून तिचे वडील, आबा, परत यायचे, उतारावर पायडल थांबवायचे, आणि मागच्या चाकाच्या पोटात कुणीतरी नखावर नख वाजवल्यासारखा तो आवाज यायचा. छबू घरात पळायची, पाण्याचा तांब्या आणायला. तो आवाज आत्ता कुठून आला? लग्नानंतर दोन-चार वर्षांतच सायकल वाजायची बंद झाली होती. सासरी ती मुकीच राहिली.

“कुठं गेली?” त्या ओरडल्या, अमक्याला म्हणून नाही.

पोर्चमधल्या झोपाळ्यावर त्यांची नणंद सुमनताई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, कालच राजगुरुनगरहून कार्यक्रमासाठी आलेल्या. गोळ्यांनी तोंड सुकायचं म्हणून पाण्याची बाटली कायम मांडीवर. “कोन, ती भंगाराची रानी व्हय? रणजीतनं पहाटंच टेम्पोत घातली. चाकणला आपल्या शेडवर निऊन, घासून, लालभडक करून आननार हाय. तुझ्या पंच्याहत्तरीला स्टेजवर ठेवायचीया म्हनं.”

“मला इचारलं का?”

“तुला इचारल्याबिगर या घरात पान हालत न्हाई. एक हाललं तर हालू दे की.”

पंच्याहत्तरी. काल मोशीच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली आणि छबूबाईंनी मान वर केली तर त्या स्वतःच वरून खाली बघत होत्या, पाण्याच्या टाकीएवढ्या तोंडानं, नाकातल्या नथीसकट. खाली रणजीत हात जोडून, त्याच्या खाली त्याचे दोस्त, आणि कडेला वासराएवढे सोनेरी आकडे, सात आणि पाच. छबूबाई दुसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या. अक्षरं कधीच पुसली गेली. आकडे राहिले, कारण दूध मापायला, बसची पाटी वाचायला आणि पुढं मोबाइलवर लेकाला झापायला आकडे लागतातच, मराठीही आणि इंग्रजीही. सात-पाच त्यांना लख्ख वाचता आलं. आणि वाचताक्षणी, इतक्या वर्षांनीही, कानामागं कुणीतरी चिमटा घेतला. तो आकडा त्यांचा नव्हता. तो सासरनं चिकटवलेला होता.

बांगलादेशच्या लढाईनंतरचा, बहात्तरचा उन्हाळा होता तो. लग्नाच्या मांडवात आबांनी सायकल पुढं घातली. दोन दांड्यांची, उंच, काळी, पुढं फ्रेमलाच जोडलेलं जाड लोखंडी कॅरियर, त्यावर दुधाचे दोन कॅन उभे राहायचे, सळ्यांचे ब्रेक, आणि चेन जिच्यावरून फिरते त्या चक्रात कापून काढलेली तीन बगळ्यांची डोकी, कंपनीची खूण. पायडल मारलं की बगळे एकामागं एक पळायचे. हौसेची सायकल नव्हती, राबायची होती. झेंडूच्या माळा घातलेली ती सायकल आणि मुंडावळ्या बांधलेली छबू, दोघींच्या मधे उभं राहून आबा मोठ्यानं म्हणाले होते, “सायकल विलायती रॅले हाय. छप्पन साली आखाडात ही पोरगी झाली त्याच आठवड्यात पुण्यातून नवी कोरी आनली. दोघी येका वर्साच्या. दोघींनाबी कामाची सवय हाय. माझ्याकडं देन्यासारखं हेच हाय, आन खोटं यात काय न्हाई.”

तेव्हा सुमनताईंचे मालक खुर्चीत बसले होते. खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, त्यांचं सायकलचं दुकान. पंचक्रोशीत सायकलीवर शेवटचा शब्द त्यांचा. त्यातून या घरचे थोरले जावई. जावई खुर्चीतून उठत नाही, वाकून चाकाखाली बघणं तर लांबच. त्यांनी बसल्या जागेवरून पाय लांब केला, बुटाच्या टोकानं बगळे दाखवले आणि म्हणाले, “बगळा काय, आता हितं बंगालात बनत्यात त्यांच्यावरबी येतुया. ही हितलीच. लई तर पाच-सा वर्साची.” मांडवात कुणीतरी हसलं. मग सुमनताई म्हणाल्या ते वाक्य छबूबाईंना कालच्यासारखं ऐकू येतं, “सायकलीबद्दल खोटं बोलला त्यो पोरीच्या वयाबद्दल खरं बोललाय व्हय? ही कुठली पंधराची? चांगली थोराड हाय.” दुधाचे कॅन उचलून उचलून छबूची अंगलट रुंद झाली होती, उंचीही बापाची. तिला बोलता आलं असतं, पण तोवर तिची जीभ उगवली नव्हती. पुढं रेशनकार्ड लिहायला माणूस आला, त्यानं सुनेचं वय विचारलं, आणि माहेरी आलेल्या सुमनताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “एकवीस लिवा.” त्यानं लिहिलं. रेशनकार्डावरून मतदानाच्या कार्डावर, तिथून आधारवर, आधारवरून मोशीच्या चौकात. खोटं मोठं होत गेलं आणि सोनेरी झालं.

“आजी! आजी, उत्तर आलं!”

स्वरूपा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आली, केस ओले, हातात फोन. रणजीतची लेक, ताथवड्याला इंजिनिअरिंग करून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलेली. तिनं मागच्या आठवड्यात सायकलीचे फोटो जुन्या सायकली जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले होते, ‘आमच्या घरातली ही सायकल कुठली आणि कधीची?’ म्हणून. छबूबाई त्याला ‘उद्योग नसल्याची लक्षणं’ म्हणाल्या होत्या. आणि त्यानंतर रोज दोनदा, दुसरंच काहीतरी विचारता विचारता, “आलं का तुझ्या त्या ग्रुपचं?” असंही विचारत होत्या.

“काय म्हनत्यात?”

“ऐक हं. चक्रातल्या बगळ्यांवरून सांगता येत नाही, कारण तसे बगळे इंग्लंडच्याही सायकलींना होते आणि इथल्याही. पुढचा बिल्ला निघून गेलाय, त्यामुळे तोही पुरावा नाही. पण मागच्या चाकाचा मधला डबा, तो हब, फोटोत जाड दिसतोय. म्हणजे आत तीन गिअर असणार. तसा जुना हब असेल तर त्याच्यावर नाव, देश आणि बनवल्याचं साल ठोकलेलं असतं. महिनासुद्धा! फक्त त्याच्यावर काळा थर बसलाय. तो काढा आणि बघा.”

छबूबाईंच्या हातातला तांब्या आता पुरता रिकामा झाला होता. तो थर त्यांचाच होता. लग्नाच्या आदल्या रात्री आबांनी तिला सायकलीजवळ नेऊन मागच्या चाकाच्या डब्यावरचं इवलंसं झाकण दाखवलं होतं आणि एवढंच सांगितलं होतं, “हितं तेल घालत जा.” कसलं तेल ते सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. मग दर खंडेनवमीला विळा, कोयता, पाटा-वरवंटा यांच्यासोबत सायकल पुजताना त्या डब्यावर कुंकवाचं बोट ओढायचं आणि झाकण उचलून गोडंतेल घालायचं, दिवाळीला अभ्यंगाचं उरलेलं तेलही तिथंच. देवाला जे चालतं ते सायकलीला का चालू नये? तेल आत थिजलं, बाहेर ओघळलं, कुंकू पिऊन घट्ट झालं. गिअर अडकले ते अडकले. त्यांच्या नवऱ्यानं, अर्जुनरावांनी, उभा जन्म एकाच गिअरमध्ये पायडल मारत पिंपरीची कंपनी गाठली.

“सोरूपा,” त्यांनी हळूच विचारलं, “घासून म्हंजी तुझा बाप काय करनार?”

“शॉट ब्लास्टिंग. लोखंडाच्या बारीक गोळ्या जोरात मारतात. रंग, गंज, सगळं जातं. मग पावडर कोटिंग.”

“आन लोखंडावर बारीक काय ठोकल्यालं आसंल तर?”

स्वरूपानं धावत जाऊन गाडीची चावी घेतली.

रणजीतचा फोन लागत नव्हता. शेडवर कोण फोन उचलणार. तिथं कानात बोळे घालून काम करतात. छबूबाई पायातल्या ओल्या चपलांनिशी पुढच्या सीटवर बसल्या. मागचं दार उघडलं आणि बाटली सांभाळत सुमनताई आत शिरल्या.

“तुमी कुठं वन्सं?”

“मलाबी बघू दे. आमच्या मालकांनी सायकल वळखायला जन्मात कधी चूक केली न्हाई. बंगालची म्हंजी बंगालची. उगं पोरीला नादाला लावतीया.”

“बसा मग. तोंड सुकवून घ्या.”

इंद्रायणीच्या पुलापर्यंत गाडी धावली आणि पुढं चिंबळी फाट्याच्या अलीकडं जी थांबली ती थांबलीच. समोर नव्या कोऱ्या मोटारी पोटात भरलेला कंटेनर, शेजारी शिफ्टची बस, बसच्या काचेला डोकं टेकून झोपलेली पोरं. ऊन बोनेटवर तापत होतं. मुंगीच्या पावलानं दोन हात पुढं, की परत थांबणं. छबूबाईंचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, नसलेला ॲक्सिलेटर दाबत होता. डोळ्यांसमोर एक चाक टांगलेलं होतं आणि त्याच्याकडं गोळ्यांची वावटळ निघाली होती. आणि तरीही, हे विचित्रच, त्यांच्या अंगात भीतीपेक्षा वेगळं काहीतरी उसळत होतं. जत्रेत पाळणा वर जाऊन क्षणभर थांबतो तेव्हा बेंबीजवळ होतं ते. इतकी वर्षं आबांचा शब्द हवेत होता. खरा की खोटा, सांगणारं माणूस जिवंत नव्हतं. आता कळत होतं की तो लोखंडावर लिहिलेला असू शकतो. त्यांच्याच भिंतीला टेकून, त्यांच्याच तेलाखाली. रोज त्याच्या शेजारून पाणी घेऊन त्या जात होत्या.

असू शकतो. किंवा नसू शकतो. कंटेनरच्या मागच्या दिव्याकडं बघता बघता तो दुसरा विचार आला आणि पाळणा खाली आला. आबा खोटं बोलले असतील तर? गरीब माणूस, लेकीचं लग्न, चार पाहुण्यांसमोर बोलायचं. सहासष्टची सायकल छप्पनची म्हणून सांगितली असेल तर? मग वयाचं काय? आईनं कधी साल सांगितलं नाही, आईला साल माहीत नव्हतं. सगळं आबांच्या एका वाक्यावर उभं. ते वाक्य त्यांनी दारात आलेल्या प्रत्येक सोयऱ्याला, भाजीवालीला, सुनेला, नातीला इतक्यांदा ठणकावून सांगितलं होतं, की ते खोटं निघालं तर मागं काय उरतं, हे त्यांना दिसेना. आणि मधे अर्जुनराव. भला माणूस. कंपनीत जो रंग उरेल तो डबीत आणायचा आणि दसऱ्याच्या आत सायकलीला फासायचा. एका साली हिरवी, एका साली निळी, एका साली लाल. नणंद बोलायची, सासू बोलायची, छबू रात्री तोंड फिरवून झोपायची, आणि ते म्हणायचे, “चालतिया न्हवं सायकल? मग झालं.” त्या एका वाक्यावर त्यांनी संसार केला. बाजू कधी घेतली नाही, आईचीही नाही, बायकोचीही नाही.

“तवाबी आशीच गर्मी व्हती,” मागून सुमनताई म्हणाल्या.

“कवा?”

“काय न्हाई.”

पण छबूबाईंना कळलं कवा ते. रणजीत पोटात होता तेव्हाची दुपार. आबा तळवड्याहून चालत आले होते, सायकल देऊन टाकली होती ना. खांद्यावर किटलीत पहिल्या वेताच्या म्हशीचा चीक, लेकीसाठी. अंगातला सदरा पाठीला चिकटलेला. सुमनताई बाळंतपणाला माहेरी होत्या, त्या दारात आल्या आणि हसून म्हणाल्या, “काय पाव्हनं, आनखी येक भंगार आनलं व्हय?” आत सासू बसली होती, ती उठली नाही. आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, कुत्र्यालाही देतात. छबू तांब्या घेऊन उठली तर सासूनं नुसतं बघितलं, आणि छबू तांब्यासकट खाली बसली. आबांनी किटली पायरीवर ठेवली, घसा खाकरला, धोतराचा सोगा नीट केला आणि आल्या वाटेनं गेले. परत कधी आले नाहीत. पुढच्या आखाडात वारलेच. छबूबाईंची जीभ उगवली ती त्यानंतर, आणि मग अशी उगवली की सासू तिच्या धाकानं तांब्या मागायला लागली. पण उशीर झाला होता.

आळंदी फाटा सुटला. स्वरूपानं सर्व्हिस रोडला गाडी घातली, उलट्या दिशेनं येणाऱ्या रिक्षावाल्याला हॉर्न मारला, रिक्षावाल्यानं हात केला, छबूबाईंनी काच खाली करून त्याच्या खानदानाची विचारपूस केली. रणजीतची शेड आली. गाडीतून उतरायच्या आधीच आवाज आला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. छबूबाई धावल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या धावल्या नव्हत्या. नऊवारीचा कासोटा सावरत, एक चप्पल वाटेत टाकून. लोखंडी केबिनचं दार बंद, बाहेर नळ्या थरथरतायत. त्यांनी उरलेली चप्पल काढली आणि दारावर हाणायला सुरुवात केली.

गारा थांबल्या. डोक्यावरचा टोप काढत एक तरणा बाहेर आला. नवनाथ, औशाकडचा, ब्लास्टिंगवरचा गडी. “आज्जी! मधी येऊ नगा, गोळ्या लागत्यात की. सायबानं सांगितलंय, दुपारपतूर कोटिंगला पायजे. मी तर करायलोयच.”

“चाक कुठाय? मागचं चाक?”

“पुढलं झालं बगा. सायकल हुकाला हाय, निम्मी झाली. मागलं चाक थितं लटकवलंय, आता तेच घालायलो होतो.”

केबिनच्या बाहेर ओळीनं हुक होते. एका हुकावर पुढचं चाक, राखेच्या रंगाचं, कोरं. स्वरूपानं त्याच्या मधल्या भागावर बोट फिरवलं. साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. तिनं आजीकडं बघितलं. आणि शेजारच्या हुकावर मागचं चाक, काळं, बुरसटलेलं, मधल्या डब्याला गुळाच्या ढेपेसारखा तो थर. छबूबाईंनी त्याला दोन्ही हातांनी धरलं. गर्दीत हरवलेलं पोर सापडल्यावर आधी कानफटात द्यावी की पोटाशी धरावं तसं झालं त्यांना.

नवनाथनं सायकलही बाहेर काढून ठेवली. पुढची अर्धी सोललेली, मागची अर्धी लाल. आणि जिथं सोलणं थांबलं होतं तिथं, दांड्यावर, बोटभर पट्टीत सगळे थर उघडे पडले होते. छबूबाई वाकल्या. वरचा लाल, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा, परत निळा, एक पिवळा, जो त्या पार विसरल्या होत्या आणि आता एकदम आठवला. त्या वर्षी स्वरूपाचा बाप मॅट्रिकला होता आणि सगळ्या घराला पिवळ्या रंगाचा वास येत होता. अर्जुनरावांचे सगळे दसरे तिथं एकाला एक चिकटून होते. आणि सगळ्यांच्या तळाशी काळा, काचेसारखा काळा, आणि त्या काळ्यावर केसाएवढी सोनेरी रेघ. ती रेघ त्यांनी पाहिली होती. त्या रेघेवर बोट ठेवून पुढच्या दांडीवर बसून त्या एकदा खडकीपर्यंत गेल्या होत्या. फ्रॉक होता अंगात. किती वर्षांच्या? सायकलीएवढ्या.

“वायर ब्रश आणू?” नवनाथनं विचारलं.

“हात लावशील तर बघ. थिनर दे.”

बाकड्यावरच्या व्हाइसच्या जबड्यात आख पकडून चाक आडवं बसवलं. सुमनताई रंगाच्या पालथ्या ड्रमवर टेकल्या. “चाक मागनं बदलल्यालंबी आसंल,” त्या म्हणाल्या.

“कुनी बदलाय? तुमच्या दुकानाची पायरी कधी चढली का आमची सायकल?”

छबूबाईंनी पदराचं टोक थिनरमध्ये बुडवलं. स्वरूपा ओरडली, “आजी, साडी!” पण तोवर पदर फिरायला लागला होता. वास उठला, आधी थिनरचा झणका, मग त्याच्या आतून हळूहळू दुसरा, जुनाट, गोड; दिवाळीच्या पहाटेचा, तिळाच्या तेलाचा, ओल्या पाटाचा. तपकिरी लगदा पदराला लागत होता, खालून लाल, कुंकवाचा, इतक्या नवम्यांचा. लोखंड दिसलं. रुपेरी, जराही गंज नसलेलं, तेलानं जपलेलं. मग खाच. मग आणखी खाच.

“थांब थांब, अक्षरं आहेत,” स्वरूपाचा आवाज चिरकला. ती एक-एक अक्षर वाचत गेली. “स्टर्मे… आर्चर. आजी! आणि खाली… मेड इन… इंग्लंड! मेड इन इंग्लंड!”

“विलायत,” छबूबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

“आणि इथे आकडे—”

“गप!” त्यांनी तळहात टाकून तो भाग झाकला. “आकडे म्या वाचीन.”

तळहाताखाली थंड होतं. उचलावा की नाही? आत्ता, या घडीला, आबा निम्मे खरे ठरले होते. हात उचलला की पूर्ण ठरतील, नाहीतर निम्मेही राहणार नाहीत. शेडच्या पत्र्यावर ऊन कडकड वाजत होतं. त्यांनी हात उचलला नाही, फक्त अंगठा सरकवला. भाजीवालीला नाण्यांवरून फसवू न देणारा अंगठा होता तो. एक खाच, वर आडवी, खाली पोट. पाच. पुढची. वरून येणारी शेपटी आणि खाली गोल. गोल खाली होता. दोनदा चाचपलं. खालीच.

“सहा,” त्या म्हणाल्या. “पाच आन सहा. छप्पन.” आणि मग हात काढला, आणि होतेच ते तिथं, वाटाण्याएवढे, जगाला दिसतील असे. थोडं अंतर सोडून आणखी एक आकडा. दोन.

“तो महिना!” स्वरूपा नाचायचीच बाकी होती. “फेब्रुवारी छप्पन! तिकडून बोटीनं मुंबई, मुंबईहून पुण्याला दुकानात, म्हणजे जून-जुलै—”

“आखाड.” छबूबाई हसल्या. आधी गालात, मग तोंडभर, मग त्यांना आवरेना. चाकाच्या तारा धरून त्या हसत राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी आलं ते थिनरमुळं की कशामुळं हे त्यांनी कुणाला विचारू दिलं नाही. पंधरा. लग्नात मी पंधरा. आबा, पंधरा!

सुमनताई ड्रमवरून उठून आल्या होत्या. त्यांना आकडेही वाचता येत नव्हते. त्यांनी वाकून बघितलं, वाळकं बोट त्या खाचांवरून फिरवलं. बराच वेळ फिरवलं. “आमच्या मालकांनी…” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “वाकून बघितलंच नसंल.”

यासाठी छबूबाईंजवळ चोपन्न वर्षांची धार लावून ठेवलेली वाक्यं होती. एकापेक्षा एक. त्यांनी सुमनताईंच्या बोटाकडं पाहिलं, ते अजून खाचांवरच होतं.

“जावई व्हते,” त्या म्हणाल्या. “जावई कशाला वाकतील?”

स्वरूपाचा फोन वाजला. रणजीत. छबूबाईंनी तो हिसकावून घेतला. “रणज्या, चौकातला फ्लेक्स उतरव.”

“आई? काय झालं? तू कुठं आहेस?”

“माझी पंच्याहत्तरी पाच वरसं लांब हाय. सत्तरीबी पुरी न्हाई. येत्या आखाडात व्हईल.”

“अगं हॉल बुक केलाय, केटरिंगवाला, चारशे माणसं—”

“यिऊ दे की मानसं. जेवू घाल. सायकलीची सत्तरी झाली म्हनून सांग. आन तिला आता कुनी हात लावायचा न्हाई; निम्मी सोलल्याली हाय तशीच स्टेजवर ठेवायची. आन दुसरं, फ्लेक्स फाडू नगंस. गुंडाळून माळ्यावर टाक. पाच वर्सांनी लागंल.” त्यांनी फोन नातीच्या हातात कोंबला आणि नणंदेकडं वळल्या. “आन वन्सं, तवर तुमीबी मरायचं न्हाई. एकवीस लिवा म्हनाला व्हता न्हवं? त्याच तोंडानं पंच्याहत्तर म्हना, आन त्याच हातानं मला ववाळा. मग खुशाल जा.”

“पाच वरसं?” सुमनताई म्हणाल्या. “एवढी कुठली गं रेटतीया मी.”

“रेटा. तुमाला काय धाड भरलीया.”

नवनाथ इतका वेळ चाकाभोवती काहीतरी करत होता. त्यानं डब्यावरचं ते इवलंसं झाकण पुसून उचललं होतं, आत थिनरचे थेंब सोडले होते, लगदा वाहू दिला होता, आणि आता पातळ मशीनऑइल सोडत होता. “आज्जी, जाम झालंया सगळं. पर बगू. फिरवून बगा तुमी.” त्यानं फडक्यानं दातेरी चकती घट्ट धरली.

छबूबाईंनी टायर नसलेली धाव दोन बोटांनी ढकलली. चाक रखडलं. परत ढकलली. आत काहीतरी चिकटून ओढल्यासारखं झालं, सुटलं, परत धरलं. त्यांनी तिसऱ्यांदा सगळ्या हातानिशी झटका दिला आणि चाक फिरलं. एक फेरा मुका. दुसरा मुका. मग पोटातून, अगदी खोलातून, नखावर नख. टिक.

चाक फिरत होतं.

टिक. टिक. टिक टिक टिक टिक.

शेडच्या पलीकडं रस्त्यावर कंटेनर गुरगुरत होते, शेजारच्या शेडमधली प्रेस धाडधाड पडत होती, आणि त्या सगळ्याच्या मधून वाट काढत तो आवाज उतार उतरून येत होता, बारीक, नियमित, थकलेला पण घराजवळ आलेला. छबूबाईंचा हात आपोआप कमरेला गेला, पदर खोचला गेला. थिनरनं ओला, कुंकवानं लाल.

“हे काय वाजतंया गं?” सुमनताईंनी विचारलं.

“आबा आलं,” छबूबाई म्हणाल्या. “वन्सं, पानी द्या.”

सुमनताईंनी उराशी धरलेली बाटली पुढं घेतली आणि त्या झाकण फिरवायला लागल्या.